धाकटीची उंची

१

आईच्या घराची किल्ली माझ्या हातात पहिल्यांदा पडली ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही भाडेकरू यायच्या आत घर नीट करून द्यायला. दादानं ती दारातच दिली. म्हणाला, हे तुझंच क्षेत्र, तू सांगशील तसं करू. माझ्या पर्समध्ये मावशीच्या घराची किल्ली होती, तिच्याबरोबर ही ठेवायला हवी होती. पण मी ती दिवसभर हातातच धरून ठेवली. तळहाताला लोखंडाचा वास येत होता आणि मला तो आवडत होता, हे कबूल करते.

माझं काम मापं घेण्याचं. स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या एका दुकानासाठी मी बावीस वर्षं लोकांच्या घरात टेप लावते आहे. माझ्या दोन सवयी आहेत. माप मी दोनदा घेते आणि आकडा मोठ्यानं म्हणते, म्हणजे डोळा चुकला तरी कान पकडतो. आणि आकडा कागदावर न लिहिता पेन्सिलीनं भिंतीवरच लिहिते. कागद हरवतो, भिंत कुठे जात नाही. या कामात आणखी एक गोष्ट आपोआप कळायला लागते. खुंट्या कुठे ठोकल्या आहेत, ओट्याची कडा कुठे झिजली आहे, बटणाभोवती भिंत कुठे मळली आहे, यावरून घरातल्या न पाहिलेल्या माणसाची उंची मी सांगू शकते. दुकानातले माझी थट्टा करतात, पण दोन इंचांपलीकडे मी कधी चुकलेली नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक झोपायची खोली आणि शेवटी मागची खोली. आई जाऊन आठ महिने झाले होते. तोवर घर बंद होतं, असं दादा म्हणाला. भाडेकरू बाराव्या दिवशी येणार होते. त्या आत नळ, वायरी, रंग, ओट्याखालची कपाटं, सगळं उरकायचं होतं.

मी पुढून सुरुवात केली. आई होती चार फूट दहा इंच, आणि घर तसंच होतं. मसाल्यांची फळी खाली, खुंट्या खाली, न्हाणीघरातला आरसा तर माझ्या गळ्याशी. मी पाच फूट नऊ. आमच्या घरात सगळे बुटके, मी एकटीच ताडमाड. कुणावर गेली कुणास ठाऊक, असं मावशी अजून म्हणते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आरशांपुढे मी गुडघे वाकवून केस विंचरले आहेत.

मागच्या खोलीत एक लोखंडी खाट, एक रिकामं कपाट आणि भिंतीत स्क्रूनं बसवलेला आरसा होता. त्याचं माप घ्यायला मी समोर उभी राहिले आणि टेप ओढायचं विसरले. माझा चेहरा बरोबर मधोमध आला होता.

मी खुंट्यांकडे पाहिलं. त्याही वर होत्या. फळीसुद्धा. हात सहज जाईल तिथेच सगळं. मी आरसा मोजला, आकडा मोठ्यानं म्हटला, भिंतीवर लिहिला. मग दुसऱ्यांदा मोजला. तेवढाच आला.

२

संध्याकाळी दादाकडे जेवताना मी कामांची यादी सांगितली. दादा मान डोलवत होता. मागच्या खोलीचं नाव काढल्याबरोबर त्यानं हात थांबवला आणि म्हणाला, ती राहू दे. मालक एक खोली स्वतःसाठी ठेवतातच, त्यात काय एवढं.

मी विचारलं, तिथे ठेवायला आहे काय, एक खाट? तो म्हणाला, असतं काहीतरी. त्या आरशापुढे उभं राहायला आई स्टूल घ्यायची की काय, असं मी विचारलं, तेव्हा वहिनी ताटातून वर न बघता म्हणाली, "मला तर एकच नणंद आहे असं सांगून ह्यांनी लग्न केलं होतं."

मी हसले. वहिनीच्या बोलण्याला नेहमीच धार असते, आणि मला वाटलं, टोमणा माझ्या लुडबुडीला आहे. लग्नानंतर सहा महिन्यांत तिनं वेगळं बिऱ्हाड केलं होतं. सासूशी पटलं नाही म्हणून, असं आम्हाला कळवलं होतं. दादा हसला नाही.

रात्री सोफ्यावर पडल्यावर मला राग आला तो दादाचा नाही, जुनाच. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्या वर्षी आईनं मला मावशीकडे ठेवलं. मावशीला मूल नव्हतं आणि आईला दोन मुलांचं जमत नव्हतं, तेव्हा दोघींची सोय झाली. बसमध्ये बसवताना आईनं माझी वेणी नीट केली आणि म्हणाली, "तू समजूतदार आहेस. तुला समजावून सांगावं लागत नाही." मी खरंच रडले नाही. मावशीनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण आईच्या घरी मी पुन्हा कधी राहिले नाही. सुट्टी आली की आई आणि दादाच मावशीकडे यायचे. मी आईकडे यायचं म्हटलं की कधी रंगकाम निघालेलं असायचं, कधी पाहुणे असायचे, कधी आईची कंबर धरलेली असायची. गेलेच तर दुपारच्या बसनं यायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत. झोपायला जागाच नाही गं, असं आई म्हणायची. एक खोली रिकामी असताना.

म्हणून दादानं या कामाला बोलावलं तेव्हा मी दुकानातून पंधरा दिवसांची रजा घेतली. मावशीनंच माझी बॅग भरली. भर उन्हाळ्यात तिनं त्यात लोकरीची शाल घातली. मी म्हटलं, अगं, बारा दिवसांसाठी कशाला? ती म्हणाली, असू दे.

३

मी मागची खोली रंगवायची ठरवली. दादाला सांगितलं नाही.

रंगारी बोलका होता. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, तोंडात सतत काहीतरी. भिंत खरवडली की घराचं सगळं बिंग फुटतं, असं त्याचं म्हणणं. तो मागच्या खोलीच्या दाराची चौकट खरवडत होता. मी स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकून नळाची जागा मोजत होते. मागून टेप आत ओढल्याचा खर्रकन आवाज आला. माझ्या पर्समध्ये दुसरी टेप होती. मी ओरडून त्याला म्हटलं, वापरून झाली की जागेवर ठेवा. तो बाहेरच्या दारातून आत येत होता, हातात प्रायमरचा डबा. म्हणाला, कशाला हात नाही लावला ताई, मी तर खाली गेलो होतो.

रिकाम्या घरात आवाज फिरतात, हे मला माहीत आहे. शेजारच्यांचा नळ आपल्या भिंतीत वाजतो. मी पर्स बघितली, टेप नव्हती. कुठेतरी ठेवली असेन, असं म्हणून पुन्हा वाकले.

थोड्या वेळानं त्यानं मला बोलावलं. चौकटीवरचे रंगाचे पापुद्रे निघाले होते आणि लाकडात चाकूनं केलेल्या आडव्या खाचा दिसत होत्या. डावीकडे "थो", उजवीकडे "धा". थोरला आणि धाकटी. मी हे साफ विसरले होते. वाढदिवसाला बाबा आम्हाला इथे उभं करायचे, डोक्यावर पुस्तक ठेवायचे आणि खाच पाडून शेजारी वय कोरायचे. धा ३, धा ४. सातपर्यंत बाबांचं वळणदार अक्षर. आठला आईचं, घाईचं. त्यानंतर मी या घरात नव्हते.

नवव्या वर्षाची खाच होती. दहाची होती. अकरा, बारा. बाराला मी दादाच्या वर गेले होते. तशा त्या सतरापर्यंत चढत गेल्या होत्या, सगळ्या आईच्या हातच्या. मी टेप लावली. शेवटची खाच पाच फूट नऊ इंचांवर होती.

मी उंबऱ्यावर बसले आणि चक्क रडले. रंगाऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली. मला वाटलं, आईनं मला विसरून टाकलं नव्हतं तर. मावशी पत्रातून माझी उंची कळवत असणार आणि आई चाकू घेऊन इथे एकटीच उभी राहत असणार. मी मावशीला फोन करून विचारलं. ती घाईनं म्हणाली, हो हो, कळवायचे ना मी, दरवर्षी. वर म्हणाली, तू जेवलीस का?

त्या दिवशी मी आईला सगळं माफ केलं.

४

दुसऱ्या दिवशी रंगारी वैतागला होता. चौकटीवर प्रायमर धरेना. ओला हात मारला की फाटायचा आणि खाली तपकिरी डाग दिसायचे. त्यानं मला जवळून दाखवलं. प्रत्येक खाचेच्या खाली, बरोबर डोकं टेकतं तिथे, लाकूड काळं पडलेलं होतं.

"केसाचं तेल आहे, ताई," तो म्हणाला. "लाकडात मुरलंय. नुसती खूण नाही केलेली इथे कुणी. पोर उभी केलेली आहे."

मी म्हटलं, दादा उभा राहत असेल. तो म्हणाला, त्यांच्या खाचा त्या बाजूला, तिथेही डाग आहेत. आणि ह्या बाजूला वरपर्यंत आहेत. एवढं उंच कोण होतं तुमच्यात? असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली. तुम्हीच की, म्हणाला.

पत्रातून आलेल्या उंचीला तेल लागत नाही. हे मला कळत होतं, पण मी ते मनात पूर्ण होऊ दिलं नाही. खुंट्या वर होत्या त्या ओले कपडे लांब राहावेत म्हणून असतील. आरसा कुणी आधीच्या मालकानं लावला असेल. मी दिवसभर अशी ठिगळं लावत राहिले.

खाटेच्या उशाशी भिंतीवरही तसाच एक डाग होता, ताटलीएवढा. रंगाऱ्यानं त्यावर पुट्टी भरली, दोनदा प्रायमर मारला, रंगाचा पहिला हात दिला. संध्याकाळी भिंत कोरी झाली. तो म्हणाला, कोणीतरी रोज इथे डोकं टेकून बसायचं बघा, वर्षानुवर्षं.

सकाळी कुलूप मीच उघडलं. डाग परत वर आला होता. तेल रंगातून वर येतंच, त्यात नवल नाही, असं रंगारीही म्हणाला. पण त्यानं बोट लावून पाहिलं आणि बोट पँटला पुसलं. मीही लावून पाहिलं. डाग ओला होता. वास माझ्याच डोक्याला येतो तो होता. मी लहानपणापासून एकच तेल लावते, मी मावशीकडे जाताना आईनं बाटली दिली होती तेच.

रंगाऱ्यानं त्या दिवशी नेहमीचा रेडिओ लावला नाही. दुपारी तो म्हणाला की पुढच्या खोल्या आधी उरकू, ही राहू दे, सुकू दे.

५

नवव्या दिवशी भाडेकरीण पडद्यांची मापं घ्यायला आली. ती नर्स होती, तिशीची, कामातून सरळ आलेली. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ती मात्र आल्या आल्या माझा हात हातात घेऊन म्हणाली, बापरे, केवढं काम काढलंत एकटीनं.

मी खिडकीला टेप लावत म्हटलं, हे माझं रोजचंच आहे. ती म्हणाली, माझ्या वडिलांची इथे राहायची तयारी झाली आहे, ते तर खूश आहेत, तुमच्याबद्दलच विचारत असतात. मी विचारलं, माझ्याबद्दल काय?

"मागच्या महिन्यात तुम्ही घर दाखवलंत ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "बाबांना तुमचा स्वभाव फार आवडला. खरं सांगू का, दुसरं घर याच्यापेक्षा मोठं होतं. पण तुम्ही म्हणालात की मी मागच्या खोलीत असतेच दिवसभर, बाबांकडे बघेन. आईचं केलंय इतकी वर्षं, मला सवय आहे. मग मी त्या दुसऱ्याचा विचारच केला नाही."

मागच्या महिन्यात मी चारशे मैलांवर एका हॉटेलची कपाटं मोजत होते. दुकानाच्या नोंदीत माझी रोजची सही आहे.

मी विचारलं, मी कोणते कपडे घातले होते? ती हसली, तिला वाटलं मी गंमत करते आहे. म्हणाली, ते नाही आठवत, पण तुम्ही उभ्याच होतात पूर्ण वेळ, त्या मागच्या दारात, चौकटीला डोकं टेकून.

मी तिला खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? मला एवढंच सुचलं की दादानं कुणा तरी बाईला माझं नाव देऊन उभं केलं असेल, किंवा मला न विचारता माझा शब्द देऊन टाकला असेल आणि ही घोळ घालते आहे. हा विचार आला आणि मला चक्क बरं वाटलं. भावानं फसवलं म्हणजे काय, ते माणसाला समजतं.

६

दादाच्या कचेरीबाहेर मी त्याला गाठलं, दुपारच्या सुट्टीत. लोक डबे घेऊन जात येत होते. मी विचारलं, त्या घरात कोण राहतं?

त्यानं आकांडतांडव केलं नाही. कधीतरी हे होणारच होतं अशा चेहऱ्यानं तो पायरीवर बसला.

"तू गेलीस," तो म्हणाला, "आणि तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, तर तू ओट्यापाशी उभी राहून आईला भांडी पुसून देत होतीस. मला वाटलं, मावशीनं परत पाठवलं."

"मग?"

"मग सुट्टीत आम्ही मावशीकडे गेलो. तिथे दार तू उघडलंस." त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "मी आईकडे बघितलं. तिनं माझा दंड धरला. बस. पुढे कधी बोललो नाही आम्ही त्यावर."

मी म्हटलं, आईनं कुणाची तरी अनाथ पोर आणून ठेवली असेल. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला तेवढंही पुरलं असतं. दोन मुलांचं जमत नाही म्हणून मला बसमध्ये बसवलं आणि माझ्या जागी दुसरी आणून तिला माझ्या चौकटीला उभं केलं, माझं तेल तिच्या डोक्याला लावलं, यात भूत कशाला हवं? हे कारण धरलं की सगळं जुळत होतं, आणि जुळल्यावर जास्तच लागत होतं.

मी त्याला विचारलं, त्यातली तुझी बहीण कोणती, असं कधी तुझ्या मनात आलं नाही? म्हणाला, निवडायची वेळच आली नाही कधी. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि तो जे म्हणाला ते त्यानं माझ्या भल्यासाठीच म्हटलं, याची मला खात्री आहे.

"आईला तुझी उणीव कधी भासली नाही गं. तेवढं तरी तुला बरं वाटू दे."

मी हात झटकला नाही. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. माझं घर फिरलेलं नव्हतं, ते माझ्याविना मजेत चाललं होतं. मला बोलावलं नाही ते जागा नव्हती म्हणून नाही. जागा भरलेली होती.

मी त्याला सांगितलं की परवा नर्सला किल्ली देईन, खरं काय ते सांगेन आणि संध्याकाळच्या बसनं मावशीकडे जाईन. पुन्हा येणार नाही. तो म्हणाला, बरं. इतक्या पटकन म्हणाला की मला त्याची लाज वाटली.

७

बाराव्या दिवशी दुपारी बॅग घेऊनच मी गेले. रंगाऱ्यानं आदल्या दिवशी आपलं सामान हलवलं होतं. घर छान दिसत होतं. कपाटांची दारं एका रेषेत, ओटा लखलखीत, खिडक्यांना नवे पडदे. मी काम चांगलं केलं होतं.

नर्स कामाच्या कपड्यांत दारातच भेटली, पायात एक चप्पल घातलेली, दुसरी शोधत. सकाळीच सामान आलं, दार तुमच्या दादांनी उघडून दिलं, म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, बरं झालं आलात, मला उशीर झालाय, बाबा आत झोपलेत, त्यांना एकटं ठेवता येत नाही. जिना उतरता उतरता वळून म्हणाली, रात्री दहाला येते.

मी दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, बंद होता. वहिनीचाही.

मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खाटेवर कुणीतरी नीट अंथरूण घातलं होतं. उशाशी भिंत पांढरी होती. डाग नव्हता. मी बोट लावून पाहिलं, भिंत कोरडी. चौकटीवर मात्र रंगाऱ्यानं खाचांची पट्टी तशीच कच्ची सोडली होती. जाताना भेटला तेव्हा म्हणाला होता, तुम्हीच ना म्हणालात ताई, एवढी राहू द्या म्हणून. मी तसं म्हटलेलं मला आठवत नव्हतं. पट्टीच्या टोकाशी, सतराच्या खाचेवर, पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला होता. पाच फूट नऊ. शेजारी तोच पुन्हा. दोनदा घेतलेलं माप. अक्षर माझं होतं.

मी पर्स उघडली आणि मावशीच्या घराची किल्ली शोधली. सगळं अंथरुणावर ओतलं. चष्मा, पेन्सिली, बसचं तिकीट. किल्ली नव्हती. दुसरी टेपही नव्हती.

मावशीला फोन लावला तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. मी म्हटलं, मावशी, माझी किल्ली हरवली आहे, तू घरीच राहा, मी रात्रीपर्यंत पोचते.

मागे आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग खर्रकन टेप आत गेल्याचा आवाज आला. आणि कुणीतरी मोठ्यानं एक आकडा म्हणालं. तीन फूट चार. ती आमच्या ओट्यावरची खिडकी. गेली दोन वर्षं मी म्हणते आहे, तिथे एक कपाट करू या.

तोच आकडा दुसऱ्यांदा ऐकू आला, आणि मी फोन कानापासून दूर धरला. आवाजात सर्दी होती. मला उन्हाळ्यात होते तशी.

"तिनं इतकी वर्षं तुझ्या आईचं सगळं केलं," मावशी हलक्या आवाजात म्हणत होती. "कुठे गेली नाही, काही बघितलं नाही. आता थोडे दिवस तिलाही बाहेर येऊ दे. दादानं आणि मी बोलून ठरवलं. तुला आधी सांगितलं असतं, तर तू गेलीच नसतीस." मला माहीत होतं आता काय येणार. "तू समजूतदार आहेस. तुला समजावून सांगावं लागत नाही."

मी जेवले का, हे तिनं विचारलं नाही. मागे कुणाला तरी म्हणाली, हो आले, आणि फोन ठेवला.

बाहेरचं दार उघडंच होतं. मला तिथून दिसत होतं, जिन्यावर ऊन होतं, खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बसला अजून तीन तास होते. मला कुणीही अडवलेलं नव्हतं. समजूतदार माणसाला कोंडावं लागत नाही.

मी खाटेवर बसले. मागे भिंत होती. पाय दुखत होते, म्हणून डोकं टेकलं.

पुढच्या खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. अहो बाई, आहात का, पाणी हवं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी उठले, आरशात बघून केस सारखे केले, त्यासाठी वाकावं लागलं नाही. पेले वरच्या फळीवर होते, हात सहज जाईल अशा उंचीवर. ती फळी मी स्वतःच बसवून घेतली होती.